आईची झोपेची गोळी आणि भावाची फिट्सची गोळी एकच का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

निपाणी भागातल्या एका गावातून एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वडील गेल्यानंतर आईची झोप उडाली, तेव्हा मिरजेच्या एका डॉक्टरांनी महिनाभरासाठी क्लोनाझेपाम ०.५ ची गोळी दिली. त्याला आता आठ वर्षं होत आली. गोळी गावच्या ओळखीच्या मेडिकलमधून येते. धाकट्या भावाला शाळेत असल्यापासून फिट्स आहेत. सरकारी दवाखान्यातून मिळणारी फिनोबार्बिटोन ६० तो रोज रात्री घेतो. तीन वर्षांपूर्वी मिरजेच्याच दुसऱ्या डॉक्टरांनी तिच्या जोडीला क्लोबाझाम १० सुरू केली. गेल्या अडीच वर्षांत फिट नाही. भाऊ इचलकरंजीत मागावर कामाला आहे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. कामावर पेंगतो म्हणून बोलणी खातो.

यंदा सौंदत्तीला यल्लमाच्या जत्रेला गेले तेव्हा त्याच्या गोळ्या घरीच राहिल्या. तिसऱ्या रात्री आईनं घाबरून आपल्यातली एक त्याला दिली. चार दिवसांत काहीच झालं नाही, उलट तो कधी नव्हे इतका तरतरीत होता. मग पुण्याच्या चुलतभावानं सांगितलं की आईची आणि याची गोळी एकाच जातीची, सवय लावणारी. पत्रातले प्रश्न असे: आजाराच्या नावाखाली आम्ही भावाला नशेची गोळी देतोय का? आई व्यसनी झाली का? भावासाठी मुली बघायच्या आहेत, त्याआधी पुढच्या महिन्यापासून दोघांच्याही गोळ्या बंद करायचं ठरवलं आहे, ते बरोबर आहे ना? आणि चुलतभाऊ 'गाबा'च्या कॅप्सूल ऑनलाइन मागवून देतो म्हणतो, त्या चालतील का?

उत्तर

ताई, गोळ्या बंद करायचा बेत आधी रद्द करा, बाकीचं सावकाश बोलू. आठ वर्षं रोज घेतलेली क्लोनाझेपाम किंवा शाळेपासून चालू असलेली फिनोबार्बिटोन एका दिवसात थांबवणं म्हणजे फिटला घरी आवतण देणं. भावाच्या बाबतीत हे उघड आहे, पण आईलाही ते लागू आहे. तिला जन्मात कधी फिट आलेली नसली तरी अशी गोळी अचानक सुटल्यावर येऊ शकते.

तुमची शंका मात्र खुळी नाही. चुलतभाऊ म्हणाला ते अर्धं खरं आहे आणि घरात घोळ होतो तो अर्ध्या खऱ्या गोष्टींचाच. क्लोनाझेपाम आणि क्लोबाझाम खरोखरच एका कुळातल्या. त्या कुळाचं नाव बेंझोडायझेपिन. फिनोबार्बिटोन त्यातली नाही. ती बार्बिट्युरेट, वयानं बरीच थोरली. १९१२ साली ती जर्मनीत बाजारात आली ती झोपेचं औषध म्हणूनच. त्याच वर्षी आल्फ्रेड हाउप्टमान नावाच्या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं की फिट्सच्या रुग्णांना ती दिली की त्यांच्या फिट्सही कमी होतात. बेंझोडायझेपिन आलं त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकानं. लिओ स्टर्नबाख या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेतून निघालेलं पहिलं औषध १९६० साली विकायला आलं आणि १९६३ साली डायझेपाम. म्हणजे 'झोपेची गोळी फिटला का देतात' हा तुमचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याचं उत्तर मेंदूत एका ठरावीक जागी सापडतं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत निरोप धाडत असतात. काही निरोप 'पेट' म्हणतात, काही 'थांब' म्हणतात. 'थांब' म्हणणारं मेंदूतलं मुख्य रसायन म्हणजे गाबा. ते मेंदूत आहे हे १९५० साली कळलं. गंमत अशी की मेंदू हे गाबा बनवतो ते ग्लुटामेटपासून, आणि ग्लुटामेट हेच 'पेट' म्हणणारं मुख्य रसायन. दोन्ही बाजू तोलात असल्या की आपण शुद्धीवर असतो, विचार करतो, झोपतो. पेशींचा एखादा जथा तोल सुटून एकदम, एका ठेक्यात पेटत राहिला की ती फिट.

गाबा आपलं काम पेशीच्या भिंतीतल्या रिसेप्टरमधून करतं. गाबा-ए रिसेप्टर म्हणजे प्रथिनांचे पाच तुकडे गोलाकार उभे आणि मधे भोक. गाबा येऊन चिकटलं की भोक उघडतं, क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात आणि पेशी पेटायला जड होते. हिडकलच्या कालव्यावरची दारं तुम्ही पाहिली असतील. गाबा हा इथला पाटकरी, दार उघडणं त्याचं काम. बेंझोडायझेपिनची गोळी पाटकऱ्याला दार वरचेवर उघडायला लावते, पण पाटकरी आलाच नाही तर तिला स्वतःला दार उघडता येत नाही. बार्बिट्युरेट वेगळं वागतं. दार उघडलं की ते जास्त वेळ उघडं धरून ठेवतं आणि डोस मोठा झाला तर पाटकऱ्यावाचूनही उघडतं. म्हणून बेंझोडायझेपिनला एक मर्यादा आपोआप पडते, बार्बिट्युरेटला ती नाही. जुन्या काळी झोपेसाठी बार्बिट्युरेट सर्रास दिली जायची आणि जास्त गोळ्या घेऊन श्वास थांबल्यानं माणसं दगावायची, ते याचमुळे. आज झोपेसाठी ती कोणी सहसा देत नाही. फिट्ससाठी मात्र देतात, कारण तिथे ती मोजक्या डोसात चांगली लागू पडते, स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात मिळते.

हे दारही सगळीकडे सारखं नसतं. पाच तुकड्यांतला 'अल्फा' तुकडा मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या प्रकारचा असतो. अल्फा-१ जिथे जास्त, तिथे गोळीचा परिणाम झोप आणि विसराळूपणा असा दिसतो. अल्फा-२ असलेल्या जागी भीती आणि घालमेल कमी होते. झोलपिडेम नावाची झोपेची गोळी मुख्यतः अल्फा-१ लाच धरते, म्हणून ती झोप आणते पण फिटला फारशी कामाची नाही. क्लोनाझेपाम असा भेद करत नाही. ती झोप, भीती, फिट सगळीकडे हात घालते. त्यामुळे एकाच नावाची गोळी एका घरात झोपेसाठी आणि दुसऱ्या घरात फिटसाठी असू शकते. भावाला त्याच्या गोळ्या झोपवायला दिलेल्या नाहीत, पेंग हा त्यांच्याबरोबर येणारा त्रास आहे. हा फरक नीट धरून ठेवा, कारण त्रास कमी करता येतो आणि त्यासाठी उपचार सोडावा लागत नाही.

फिट्सची सगळी औषधं याच दारावर बसतात असंही नाही. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन पेशीत सोडियम शिरण्याच्या वाटा आवरतात. लेव्हेटिरासिटाम पेशीच्या टोकाशी असलेल्या एका वेगळ्याच प्रथिनाला चिकटतं. गाबापेन्टिन हे तर नावातच गाबा घेऊन फिरतं, पण गाबाच्या रिसेप्टरला ते हातही लावत नाही, त्याचं काम कॅल्शियमच्या वाटेवर. आता कळेल की 'फिटची गोळी म्हणजे झोपेची गोळी' हे समीकरण का बसत नाही, आणि पेंगेवर तोडगा निघण्यासारखा का आहे.

आता जत्रेतले ते चार दिवस. तुमच्या पत्रातलं मला सर्वात काळजीत टाकणारं वाक्य तेच: 'काहीच झालं नाही.' फिनोबार्बिटोन शरीरातून अतिशय हळू जाते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्मं व्हायलाच मोठ्या माणसात साधारण तीन ते चार दिवस लागतात. क्लोबाझाम स्वतः त्यापेक्षा लवकर जाते, पण शरीरात तिचं जे रूपांतर होतं तेही औषधासारखंच काम करतं आणि ते बरेच दिवस टिकतं. म्हणजे यल्लमाच्या डोंगरावर भाऊ गोळ्यांवाचून नव्हताच. तो आधीच्या गोळ्यांच्या शिलकीवर होता, आणि शिल्लक ओसरल्यामुळे पेंगही ओसरली. तो तरतरीत दिसला यात नवल काही नाही. याच कारणानं खरा धोका पहिल्या दोन दिवसांत दिसत नाही. तो आठवड्यानं, दहा दिवसांनी दिसतो, जेव्हा घरच्यांना वाटायला लागतं की सुटलो एकदाचे. तुम्ही पुढच्या महिन्यात भावाच्या गोळ्या बंद केल्या असत्या तर पहिला आठवडा कदाचित असाच छान गेला असता आणि तुमची खात्री आणखी पक्की झाली असती.

आईनं दिलेल्या गोळीवरून तिला बोलू नका. घाबरलेल्या आईनं जवळ होतं ते दिलं. पण पुन्हा नको, आणि कारण मिलिग्रॅमच्या आकड्यात आहे. आपल्याकडे लोक 'पावर' बघतात: हिची अर्धी पावर, त्याची दहाची, म्हणजे हिची हलकी. तसं नसतं. क्लोनाझेपामचा अर्धा मिलिग्रॅम हा डायझेपामच्या साधारण दहा मिलिग्रॅमच्या तोडीचा धरतात. भावाच्या अंगात आधीच बार्बिट्युरेट आहे. त्यावर दुसऱ्याची बेंझोडायझेपिन चढवली आणि जत्रेत कुणाच्या आग्रहानं दोन घोट दारूही गेली, तर तिन्ही गोष्टी एकाच दिशेनं ओढतात, कारण दारूही काही अंशी याच रिसेप्टरवर काम करते. झोप गाढ होते आणि श्वास मंदावतो. खोकल्याचं कोडीनवालं औषध किंवा ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी यांचीही तीच गोष्ट, आणि ट्रामाडॉल तर फिटला स्वतःच चिथावणी देऊ शकतं. दारूचा आणखी एक त्रास: ती उतरते तेव्हा मेंदू जास्त भडकू होतो, म्हणून फिट बऱ्याचदा पिण्याच्या रात्री न येता दुसऱ्या दिवशी येते.

आईकडे वळू. तुम्ही 'व्यसनी' हा शब्द वापरलात. तो काढून टाका. आठ वर्षं तीच एक गोळी, तीच मात्रा, वाढवलेली नाही, लपवलेली नाही, तिच्यासाठी उसनवारी नाही. याला शरीराची सवय म्हणतात. मेंदू रोज रात्री दारावरचा तो जास्तीचा हात गृहीत धरायला शिकला आणि त्यानं आपली 'थांब'ची बाजू थोडी ढिली सोडली, 'पेट'ची बाजू थोडी चढवली. झोप आणण्याची अशा गोळ्यांची ताकद काही आठवड्यांतच ओसरायला लागते. त्यामुळे आज आई गोळी घेऊन झोपते त्यात गोळीची झोप किती आणि गोळी न मिळाल्याचा त्रास टळल्याचं समाधान किती, हे तिला सांगता येणार नाही. एखादी रात्र गोळी चुकली की ती तळमळते आणि त्यावरून तिला वाटतं की गोळीवाचून आपल्याला झोप येतच नाही. तिच्याकडे पुरावा आहे, पण तो वेगळ्याच गोष्टीचा, शरीराला लागलेल्या सवयीचा.

म्हणून गोळी कमी करण्याचा विचार योग्य आहे. वय वाढतं तसं या गोळीनं रात्री उठताना तोल जाणं, पडणं, हाड मोडणं, विसरणं, सकाळी जड वाटणं हे सगळं वाढतं. पण वेग फार कमी हवा. हल्ली डॉक्टर साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या पाच ते दहा टक्के कमी करतात आणि त्रास झाला तर तिथेच थांबतात. क्लोनाझेपाम ०.२५ चीही मिळते, तरी अर्ध्यावरून एकदम पावावर उडी मारणं ही मोठी पायरी आहे, मधल्या पायऱ्या कशा पाडायच्या ते डॉक्टरच ठरवतील. यात कित्येक महिने जातील, वर्षही जाईल. गेलं तर जाऊ दे.

आणि त्याआधी एक प्रश्न जो आठ वर्षांत कुणी विचारलेला दिसत नाही: आईची झोप आता कशानं मोडते? तेव्हा दुःख होतं. आता गुडघे असतील, शुगर असेल आणि रात्री तीनदा उठावं लागत असेल, घोरताना श्वास अडकत असेल, संध्याकाळचा साडेसहाचा चहा असेल, किंवा दुपारची दोन तासांची झोप असेल. कदाचित अजूनही दुःखच असेल. ओळखीनं मेडिकलमध्ये गोळी मिळत राहिल्यामुळे हा प्रश्न विचारणारा माणूसच मधून गळला. ही गोळी चिठ्ठीवाचून विकायची नाही हा नियम अडवणूक वाटतो, पण दर वेळी चिठ्ठी लागली असती तर कुठल्यातरी डॉक्टरनं कधीतरी विचारलं असतं, 'अजून लागते का हो?' झोपेच्या जुन्या तक्रारीवर पहिला उपाय म्हणून आज गोळीऐवजी सवयी आणि विचार बदलण्याची एक ठरीव पद्धत सुचवली जाते: उठण्याची वेळ रोज एकच, झोप आली तरच अंथरुणावर जाणं, तळमळ सुरू झाली की उठून बसणं, घड्याळाकडे न बघणं. हे सांगायला सोपं आणि पाळायला कंटाळवाणं आहे, पण चालतं.

आता भाऊ. ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात आईचं म्हणणं आहे, चुलतभावाचं आहे, तुमचं आहे. भावाचं एकही वाक्य नाही. तो जाणता माणूस आहे, स्वतः कमावतो. गोळ्या त्याच्या, फिट्स त्याच्या आणि मागाजवळ उभं राहणंही त्याचं. त्याला काय वाटतं? पेंग इतकी नकोशी आहे का, की फिटचा धोका पत्करायची तयारी आहे? की उलट कारखान्यात सगळ्यांसमोर फिट येण्याच्या भीतीपुढे त्याला पेंग चालते? हे त्यानंच सांगायचं.

गोळी थांबवायचा विचार कधीच करायचा नाही, असं मी म्हणत नाही. किमान दोन वर्षं फिट नसेल तर गोळ्या कमी करायच्या का, हे डॉक्टरांशी बोलायला हरकत नसते, आणि तुमचा भाऊ त्या टप्प्यावर आला आहे. पण त्या निर्णयात फिटचा प्रकार, मेंदूचा आलेख, स्कॅन आणि त्याचं काम हे सगळं येतं. दोन औषधं असली तर एका वेळी एकच, तेही महिन्यामहिन्यांनी थोडं थोडं. कमी करताना फिट परत येण्याची शक्यता खरी असते, आणि परत येईल तेव्हा तो फिरत्या पट्ट्याशेजारी उभा असेल की घरी असेल, यावर खूप काही ठरतं. मधला मार्ग माझ्या मते आधी तपासण्यासारखा आहे: पेंग न आणणारं, किंवा कमी आणणारं दुसरं औषध सावकाश चढवायचं आणि फिनोबार्बिटोन सावकाश उतरवायची. लेव्हेटिरासिटाम त्यातलं एक. त्यानं काहींचा स्वभाव चिडका होतो, तेही घरच्यांना आधी माहीत असावं. फिनोबार्बिटोनचं रक्तातलं प्रमाण मोजता येतं, मोठ्या लॅबमध्ये ते होतं. कदाचित नुसता डोसच जास्त असेल. बरीच वर्षं ही गोळी चालू असली की ड जीवनसत्त्व कमी होऊन हाडं ठिसूळ होऊ शकतात, तेही विचारून घ्या.

पेंगेचा सगळा दोष गोळ्यांवर टाकण्याआधी त्याच्या पाळ्यांकडे बघा. एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र या फेऱ्यात धडधाकट माणूसही पेंगतो. फिट्सच्या माणसासाठी तर अपुरी झोप हे फिटचं एक ठरलेलं निमित्त. 'रात्रीची गोळी' रात्रपाळीत तो कधी घेतो हे मला पत्रातून कळलं नाही, आणि मला वाटतं कुणी त्याला विचारलेलंही नाही. कामावर जाताना घेत असेल तर मागावर पेंगणारच. कायमची दिवसपाळी मागण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी मिळते. मालकाला सांगायला लाज वाटते हे खरं, पण फिरत्या यंत्राजवळ काम करणाऱ्यानं निदान एका विश्वासातल्या जोडीदाराला तरी सांगून ठेवावं. मोटारसायकलवरून हायवेनं जात असेल तर ते थांबवा. लायसन्सच्या अर्जात फिट्सचा प्रश्न उगीच छापलेला नाही. वेदगंगेला एकट्यानं पोहायला जाणंही नको.

आणि लग्नाचं. खरं सांगू? तुमच्या पत्रातला गोळ्यांचा प्रश्न हा निम्मा लग्नाचा प्रश्न आहे असं मला वाटलं. 'गोळ्या सुटल्या' असं मुलीकडच्यांना सांगता यावं म्हणून गोळ्या सोडायच्या. पण लपवून केलेल्या लग्नात गोळ्याही लपून घ्याव्या लागतात, लपून घेतलेल्या गोळ्या चुकतात आणि मग फिट नव्या घरात, नव्या नवरीसमोर येते. फिट्स हे हिंदू विवाह कायद्यात विवाह रद्द ठरवण्याचं कारण होतं, ते १९९९ साली काढून टाकलं. कायदा पुढे गेला, आता आपणही सांगून टाकायला शिकू. अडीच वर्षं फिट नसलेला, कमावता, गोळ्या नेमानं घेणारा मुलगा हे स्थळ वाईट नाही. हे वाचणाऱ्या ज्या मुलींना स्वतःला फिट्स आहेत त्यांच्यासाठी इथेच दोन गोष्टी. फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांच्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. आणि व्हॅल्प्रोएट चालू असेल तर मूल होऊ देण्याच्या बऱ्याच आधी डॉक्टरांशी बोला, कारण ते गर्भाला बाधतं. पण दिवस गेले म्हणून घाबरून कुठलीच गोळी स्वतःहून टाकू नका.

फिट आलीच तर काय करायचं हे घरात सगळ्यांना पाठ असावं. कांदा, चप्पल, किल्ली काही नको. तोंडात चमचा तर मुळीच नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, भोवतीची गर्दी हटवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन, तो कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे चालतो. पाच मिनिटांचा हिशेब उगीच धरलेला नाही. फिट लांबली की पेशी आपल्या पृष्ठभागावरचे गाबा-ए रिसेप्टर आत ओढून घेऊ लागतात. ज्या दारावर औषध काम करणार ती दारंच कमी होत जातात, म्हणून पहिल्या काही मिनिटांत थोडक्यात भागणारं औषध अर्ध्या तासानं पुरं पडत नाही. घरी ठेवायचा मिडाझोलामचा नाकातला फवारा मिळतो. तुमच्या भावाला तो द्यावा का आणि आधीच्या गोळ्यांवर किती, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सीमाभागातली एक अडचण तुमच्या पत्रात ओळींच्या मधे दिसते. भावाची एक चिठ्ठी सरकारी दवाखान्याची, एक मिरजेची. आईची तिसऱ्याच डॉक्टरांची आणि तीही आठ वर्षांपूर्वीची. एक दवाखाना कर्नाटकात, दोन महाराष्ट्रात, आणि तिन्ही कागद एकत्र पाहिलेला डॉक्टर एकही नाही. सरकारी चिठ्ठीवरची कन्नड सूचना आईला वाचता येत नाही, मिरजेचं इंग्रजी कुणालाच लागत नाही. तुम्ही शिक्षिका आहात, हे काम तुमचं. दोघांच्या दोन वह्या करा. औषधाचं मूळ नाव पाकिटावरून उतरवून घ्या, कंपनीचं नव्हे. किती मिलिग्रॅम, केव्हा, कधीपासून, कोणी दिली ते मराठीत लिहा. भावाच्या वहीत फिटची तारीख आणि त्याच्या आदल्या रात्रीची झोप लिहायची. आशाताईंना सांगून कन्नड सूचना एकदा मराठीत करून घ्या. प्रवासाला जाताना आठवड्याची शिल्लक त्याच्या पिशवीत आणि तेवढीच दुसऱ्या कुणाच्या. मग त्या वह्या आणि सगळी पाकिटं घेऊन एकाच ठिकाणी जा. मिरजच सोयीची असेल तर मिरज, नाहीतर बेळगावच्या बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं जिल्हा रुग्णालय किंवा धारवाडची डिमहान्स ही मन आणि मेंदूच्या आजारांची सरकारी संस्था. आईच्या झोपेबद्दल आणि गोळी कमी करतानाच्या घालमेलीबद्दल १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करता येतो. फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. जाताना भावाला बरोबर न्या आणि बोलू द्या त्यालाच.

राहिल्या त्या गाबाच्या कॅप्सूल. तोंडानं घेतलेलं गाबा रक्तातून मेंदूत फारसं शिरत नाही, मधे रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर आहे. मेंदू आपलं गाबा स्वतःच तिथल्या तिथे बनवतो, म्हणून तर औषधं गाबा पुरवण्याच्या भानगडीत न पडता त्याच्या रिसेप्टरवर काम करतात. कॅप्सूलनं फिट थांबेल किंवा गोळीची जागा भरून निघेल ही आशा सोडा. त्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं हेही पाकिटावरून नेहमी कळत नाही, आणि भावाच्या दोन औषधांवर तिसरं काही चढवण्याची ही वेळ नाही. चुलतभावाला मनापासून मदत करायची असेल तर ते पैसे भावाच्या रक्ततपासणीला द्यायला सांगा.